गिकुयूंचा खोत आणि आपला

२८ मे २०२५ रोजी न्गुगी वा थिओंगो गेले. त्यानंतर महिन्याभराने, २९ जूनला, पहिलीपासून हिंदी शिकवण्यासंबंधीचे शासननिर्णय महाराष्ट्र सरकारला मागे घ्यावे लागले. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण मराठीच्या प्राध्यापकी वर्तुळात तो जोडला गेला, आणि त्या पावसाळ्यात मी जी जी भाषणे ऐकली त्यांपैकी निम्म्यांत तरी न्गुगींचे नाव आले. साहेबाच्या भाषेत कादंबऱ्या लिहून जगभर नाव झालेला एक आफ्रिकी लेखक एके दिवशी इंग्रजीला रामराम ठोकतो आणि आपल्या गिकुयू मातृभाषेत लिहू लागतो. गोष्ट एवढीच सांगितली जाते. टाळ्या पडतात. मग वक्ता मराठीकडे वळतो, अभिजात दर्जाकडे वळतो, आणि न्गुगींचे काम तिथे संपते.

माझे म्हणणे असे की ही गोष्ट अर्धीच सांगितली जाते, आणि नेमका तो अर्धा भाग गाळला जातो की जो ऐकला तर टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी पुष्कळांना अवघडल्यासारखे होईल.

गाळलेला भाग १९७७ सालचा आहे. त्या वर्षी न्गुगींच्या दोन कृती लोकांसमोर आल्या. 'पेटल्स ऑफ ब्लड' ही इंग्रजी कादंबरी जुलैमध्ये प्रकाशित झाली. स्वातंत्र्योत्तर केन्यातील भांडवलदारांवर तिच्यात जळजळीत टीका आहे. तरी तिच्या प्रकाशनाला अर्थमंत्री म्वाई किबाकी स्वतः हजर होते. सरकारला त्या कादंबरीचे भय वाटले नाही. ऑक्टोबरमध्ये लिमुरूजवळच्या कामिरीथू या गावात 'न्गाहिका न्देन्दा' हे गिकुयू नाटक उभे राहिले. 'मला वाटेल तेव्हा मी लग्न करीन' असा त्या नावाचा अर्थ. न्गुगी वा मिरी हे सहलेखक होते, पण संहितेवर गावाने हात फिरवला होता. मळ्यांत आणि कारखान्यांत राबणाऱ्या माणसांनी लेखकांची भाषा दुरुस्त केली, म्हातारा कसा बोलेल आणि मजूर कसा बोलेल हे त्यांना शिकवले, आणि सुमारे दोन हजार माणसे बसतील असे उघडे नाट्यगृह स्वतःच्या हातांनी बांधले. नोव्हेंबरच्या मध्यावर प्रयोगाचा परवाना रद्द झाला. वर्षाच्या अखेरीस न्गुगी स्थानबद्ध झाले. पुढे कामिती तुरुंगात संडासाच्या कागदावर त्यांनी गिकुयूतील आपली पहिली कादंबरी लिहिली, ती १९८० साली छापली गेली. १९८२ साली सरकारने कामिरीथूचे नाट्यगृह जमीनदोस्त केले.

आता प्रश्न असा की हे सरकार कुणाचे होते? इंग्रजांचे नव्हते. राष्ट्राध्यक्ष होते जोमो केन्याटा, गिकुयू. लंडनमध्ये मालिनोव्स्कींच्या हाताखाली मानववंशशास्त्राचा अभ्यास करून १९३८ साली 'फेसिंग माउंट केन्या' हा गिकुयू संस्कृतीचा गौरवग्रंथ लिहिणारे, त्याआधी १९२८ मध्ये 'मुइग्विथानिया' हे गिकुयू नियतकालिक चालवणारे केन्याटा. मातृभाषेवर आणि परंपरेवर त्यांचे प्रेम न्गुगींपेक्षा कमी होते असे कुणी म्हणू नये. अर्थमंत्री किबाकी हेही गिकुयूच. आणि नाटकातला खलनायक? तोही गोरा नाही. आहाब किओई हा चर्चला जाणारा, परदेशी कंपन्यांशी भागीदारी करणारा श्रीमंत गिकुयू गृहस्थ आहे. त्याच्या मळ्यावर राबणाऱ्या किगुंडाजवळ दीड एकर जमीन आहे, आणि तिच्या मालकीचा कागद त्याने झोपडीच्या भिंतीवर मिरवत टांगलेला आहे. नाटकभर आपण त्या कागदाकडे बघत राहतो. शेवटी चर्चमधल्या लग्नाच्या खर्चासाठी काढलेल्या कर्जात तो जातो, आणि जमीन किओईच्या घशात.

म्हणजे इंग्रजीत लिहिलेली टीका मंत्र्यांनी सोहळ्याने स्वीकारली, आणि गिकुयूत लिहिलेली टीका तुरुंगात गेली. कारण ती गिकुयू कुळाने ऐकली आणि गिकुयू जमीनदाराने ऐकली. मातृभाषेचे सामर्थ्य ते हेच. आपल्याच भाषेतल्या मालकासमोर ती उभी राहते तेव्हाच ती धोकादायक होते. हा मुद्दा बाजूला ठेवला की न्गुगी म्हणजे मराठी राजभाषा दिनाच्या फलकावर छापण्याजोगे एक सुभाषित उरते.

हे नीट कळण्यासाठी गिकुयूंचा जमिनीशी असलेला संबंध थोडा तरी ठाऊक हवा. गिकुयू आणि मुंबी या आदिदांपत्याच्या नऊ मुलींपासून कुळे निघाली, ही त्यांची उत्पत्तिकथा आपल्याकडे कधीकधी लोकसाहित्याच्या तासाला सांगितली जाते. ती कथा जमिनीच्या हक्काचा दस्तऐवजही आहे, हे मात्र सांगितले जात नाही. एका पूर्वजाच्या वंशाची जमीन म्हणजे 'गिथाका'. आणि त्या जमिनीवर दुसऱ्याच्या परवानगीने कसणारे, स्वतःची जमीन नसलेले, ते 'अहोई'. वसाहतवादाने ही व्यवस्था कोसळवली. १९०२ आणि १९१५ च्या जमीन कायद्यांनी उंचावरची सुपीक भूमी गोऱ्या वसाहतवाल्यांकडे गेली. दुसऱ्या कायद्याने तर भाडेपट्टे ९९९ वर्षांचे केले. आफ्रिकी पुरुषांच्या गळ्यात डबीतून 'किपांडे' नावाचा ओळखदाखला लटकू लागला. हॅरी थुकू यांच्या अटकेविरुद्ध नैरोबीत जमलेल्या जमावावर मार्च १९२२ मध्ये गोळीबार झाला. ऑक्टोबर १९५२ मध्ये आणीबाणी पुकारली गेली. लढणाऱ्यांना जग 'माउ माउ' म्हणते. त्यांनी स्वतःला दिलेले नाव भूमी आणि स्वातंत्र्य सेना असे होते. नावात भूमी आधी येते. हजाराहून अधिक जणांना फाशी झाली. देदान किमाथी यांना १९५७ साली फासावर चढवले. लाखो गिकुयू छावण्यांत आणि तारांनी वेढलेल्या वसवलेल्या खेड्यांत कोंडले गेले. या छळाबद्दल २०१३ साली ब्रिटिश सरकारने पाच हजारांहून अधिक वृद्ध दावेदारांना नुकसानभरपाई देण्याचे मान्य केले.

परंतु याच काळात, १९५४ च्या स्विनर्टन योजनेनंतर, तुकडे एकत्र करून जमिनीचे पक्के मालकीहक्क वाटले गेले. आणि लढणारे छावणीत असताना, इंग्रजांशी इमान राखणाऱ्या गिकुयूंची नावे कागदावर चढली. स्वातंत्र्य आले ते या कागदांना हात न लावता. न्गुगींचे वडील जमीन नसलेले, दुसऱ्याच्या जमिनीवर राहणारे. एक भाऊ जंगलात लढायला गेलेला. गिकुयू भाषेत लिहिण्याचा त्यांचा निर्णय या घरातून आलेला आहे. तो 'आपल्या मुळांकडे परतण्याचा' निर्णय नव्हता. परतायला जमीनच नव्हती.

हा लेख मी भाट्यात लिहितो आहे. रत्नागिरीहून खाडीवरचा पूल ओलांडला की उजव्या हाताला समुद्र, सुरूचे बन, झरी विनायक, आणि पुढे नारळ संशोधन केंद्राची बाग. खाडीच्या त्या अंगाला टेकाडावर थिबा राजाचा वाडा. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी ज्या पाण्याकडे बघत म्हातारा व्हायला ठेवले ते हेच पाणी. पर्यटकाला हे सगळे अस्सल, देशी कोकण वाटते. वस्तुतः सुरू इथला नव्हे, काजू ब्राझीलचा, आणि हापूसच्या नावात तर पोर्तुगीज अफोन्सो बसलेला आहे. नारळ संशोधन केंद्रात कोणती जात कुठून आली हे पाटीवर लिहिलेले असते. साहित्यातल्या देशीपणाला अशी पाटी लावण्याची पद्धत नाही.

तर याच जिल्ह्यात 'अहोई' होते. त्यांना आपण कुळे म्हणतो. आणि 'गिथाका'च्या जागी इथे खोती होती. (खोत सगळे ब्राह्मण नव्हते, मराठा होते, मुसलमानही होते, हे लक्षात ठेवले नाही तर पुढचा युक्तिवाद सवंग होईल.) डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने आले. कुलाबा जिल्ह्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षे जमिनी ओसाड ठेवल्या, पण खोतांना मक्ता दिला नाही. अखेर १९४९ साली खोती रद्द करणारा कायदा झाला. उलट बाजूला, लोकमान्य टिळकांचे घराणे चिखलगावच्या खोतांचे, आणि 'केसरी'ने खोतांची कड घेतली होती. राष्ट्रवादी आणि जमीनमालक एकाच अंगरख्यात कसे राहतात हे समजून घ्यायला आपल्याला केन्याटांपर्यंत जाण्याची गरजच नव्हती.

मग या संघर्षाचे मराठी कादंबरीत काय झाले? श्री. ना. पेंडश्यांच्या 'गारंबीचा बापू'मध्ये (१९५२) खोताशी टक्कर आहे, पण ती एका दरिद्री ब्राह्मणाच्या बंडखोर पोराची आहे. 'तुंबाडचे खोत'मध्ये (१९८७) खोतांच्या पिढ्यांमागून पिढ्या येतात, त्यांचे विकार, त्यांचे पराक्रम, त्यांचा ऱ्हास दोन खंडभर पसरतो. मोठी कादंबरी आहे, मी ती पुनःपुन्हा वाचली आहे. परंतु ऱ्हास कुणाचा याला महत्त्व आहे. गो. नी. दांडेकरांच्या 'पडघवली'तही (१९५५) जे मोडते आहे ते घर खोताचे. वाचक हळहळतो. कूळ कायद्याने ज्याच्या नावावर पहिल्यांदा दहा गुंठे चढले, त्याच्या घरात त्या दिवशी काय घडले असेल, त्याने तो सातबारा कुठे ठेवला असेल, याची कादंबरी मला अजून वाचायला मिळालेली नाही. किगुंडाच्या भिंतीवरचा कागद आपल्या साहित्यात कुणाच्या भिंतीवर लागला आहे?

भाषेचेही असेच. पु. लं.चा अंतू बर्वा रत्नागिरीचा. त्याचे तिरकस, सानुनासिक बोलणे आपल्या कानांत इतके मुरले आहे की रत्नागिरीची बोली म्हणजे तीच असे मुंबई-पुण्याचा वाचक धरून चालतो. पण पुलावर उभे राहिले की पलीकडे राजिवडा दिसतो. मच्छीमार दालदी मुसलमानांची वस्ती. तिथली बोली वेगळी. गावच्या कुणब्यांची संगमेश्वरी आणखी वेगळी. १९०५ साली निघालेल्या ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात संगमेश्वरी, बाणकोटी, चित्पावनी, दालदी अशा नोंदी आहेत. साम्राज्याच्या नोकरीतल्या एका अधिकाऱ्याने जेवढे कान देऊन ऐकले तेवढे आपल्या वाङ्मयेतिहासांनी ऐकलेले नाही, ही कबुली द्यायला लाज वाटते, पण ती दिली पाहिजे.

याच रत्नागिरीत स्थानबद्ध असताना सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ उभारली. 'महापौर', 'दिनांक' असे उत्तम शब्द तिने दिले, ते मीही वापरतो. परंतु तिचा रोख जेवढा इंग्रजीवर होता तेवढाच फारसी-अरबी शब्दांवरही होता. खाडीपलीकडच्या माणसाच्या घरात ते शब्द परके नव्हते; त्याच्या आईने ते त्याला शिकवले होते. मातृभाषेच्या नावाने एखाद्याची मातृभाषाच अशुद्ध ठरवता येते, आणि ठरवणाऱ्याला आपण स्वातंत्र्ययुद्ध लढतो आहोत असे प्रामाणिकपणे वाटू शकते. हमीद दलवाई याच जिल्ह्यातले, मिरजोळीचे. त्यांची 'इंधन' (१९६५) ही कोकणी मुसलमान वस्ती आतून पाहणारी कादंबरी आपण वाचतो ती त्यांच्या समाजसुधारणेची पुरवणी म्हणून. मराठी कादंबरीचा भूगोल तिने कुठे बदलला, हे वर्गात विचारले जात नाही.

देशीवादाविषयी दोन शब्द बोलणे भाग आहे. नेमाड्यांची देशीयतेची मांडणी 'डीकॉलनायझिंग द माइंड'च्या (१९८६) आधीची आणि स्वतंत्र आहे. तिला न्गुगींचा टेकू देण्याची गरज नंतरच्या अनुयायांना वाटली. तो टेकू बसत नाही. न्गुगींचा सगळा विचार वर्गावर उभा आहे. मार्क्स आणि फॅनन वगळले तर त्यात फारसे काही उरत नाही. कामिरीथूचे मराठी नाते शोधायचेच तर ते लाल बावटा कलापथकाशी आहे, अण्णाभाऊ साठ्यांच्या लोकनाट्याशी आहे, नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'शी (१९७२) आहे. मराठीने मराठीच्या मालकाला सुनावलेले हे शब्द. आणि इथे, घराशेजारी, ते नमन-खेळ्यांशी आणि जाखडीशी आहे. शिमग्यानंतर कुणबी वाड्यांवर रात्रभर चालणाऱ्या नमनात देवही येतो आणि सोंगेही येतात, आणि सोंगाच्या आडून कुणाकुणाची टर उडवली जाते ते ऐकण्यासारखे असते. ज्यांचे काके-मामे नमनात मृदंग वाजवतात अशी मुले आमच्या एम.ए.च्या वर्गात बसतात, आणि आम्ही त्यांना गावरंगभूमीचे उदाहरण म्हणून केन्यातले कामिरीथू शिकवतो.

आणखी एक खटकणारी गोष्ट. न्गुगींविषयी बोलताना मराठी वक्ता सहज 'आपण' म्हणतो. आपण आणि गिकुयू, दोघेही साहेबाचे बळी. केन्यातील हिंदी माणूस वस्तुतः मधल्या पायरीवर होता. दुकानदार, कारकून, रेल्वेतला बाबू. खालच्यांना तो परका आणि वरच्यांना नकोसा. उंचावरच्या जमिनीत आपल्यालाही वाटा मिळावा म्हणून हिंदी पुढारी झगडत होते. १९२३ साली तो दावा फेटाळला गेला. या पायरीवरून खाली उतरून गिकुयूंच्या बाजूला उभे राहिलेले थोडे होते. गोव्याच्या घराण्यातले पिओ गामा पिंटो त्यांतले. माउ माउला मदत केल्यावरून स्थानबद्ध झाले, आणि स्वतंत्र केन्यात फेब्रुवारी १९६५ मध्ये नैरोबीत त्यांचा खून झाला. दुसरे आप्पासाहेब पंत. औंधच्या राजाचे हे चिरंजीव, १९३९ च्या औंध संविधानाच्या प्रयोगात ज्यांनी आपल्याच घराण्याची सत्ता प्रजेच्या हाती द्यायला हातभार लावला, ते १९४८ साली नेहरूंचे प्रतिनिधी म्हणून नैरोबीला गेले. केन्याटा आणि कोइनांगे कुटुंबाशी त्यांची जवळीक इतकी वाढली की गोऱ्या वसाहतवाल्यांना ते डोळ्यांसमोर नकोसे झाले, आणि ब्रिटिशांच्या दडपणामुळे १९५४ मध्ये त्यांना तेथून हलावे लागले. गिकुयूंना त्यांच्या अंगणात बसून ओळखणारा हा मराठी माणूस. न्गुगींवरच्या एकाही मराठी व्याख्यानात मी त्याचे नाव ऐकलेले नाही. सत्ता सोडून मग मैत्री करायची, हा क्रम कदाचित आम्हाला गैरसोयीचा वाटत असावा.

यावर आक्षेप येणार तो मला पाठ आहे. हिंदी दारात उभी असताना तुम्ही मराठीत फूट पाडता. पहिलीपासून हिंदीच्या निर्णयाला माझाही विरोध होता आणि आहे. पण 'आधी एकी, मग हिशेब' हा युक्तिवाद गिकुयूंनी आपल्या आधी ऐकला आहे. १९६९ साली टॉम म्बोया यांच्या खुनानंतर देश पेटला, तेव्हा मुंबीचे घर एक राहिले पाहिजे म्हणून हजारो गिकुयूंना पुन्हा शपथा दिल्या गेल्या. शपथ घेणाऱ्यांत भूमिहीन होते आणि हजारो एकरांचे मालकही होते. सत्ता घरात राहिली, जमीन मालकांकडे राहिली. पुढे किबाकी राष्ट्राध्यक्ष झाले, आणि २००७ च्या वादग्रस्त निवडणुकीनंतर रिफ्ट खोऱ्यात जे कापले गेले, ज्यांची घरे जळली, ते बहुतांश गरीब गिकुयू होते. मग सूड म्हणून गरीब लुओ आणि कालेंजिन. हजाराहून अधिक मेले, लाखो बेघर झाले. तेव्हा द्वेष पसरवला गेला तो इंग्रजीतून नव्हे. मातृभाषेतल्या रेडिओ केंद्रांवर चौकशी आयोगाने ठपका ठेवला, त्यांत गिकुयू केंद्रेही होती.

न्गुगींनी आपल्या शाळेची एक आठवण लिहून ठेवली आहे. आणीबाणीनंतर शाळा इंग्रजांच्या ताब्यात गेल्या, आणि आवारात गिकुयू बोलताना सापडलेल्या मुलाला छड्या बसत किंवा 'मी मूर्ख आहे' अशा अर्थाची पट्टी गळ्यात अडकवली जाई. ही आठवण मी दरवर्षी शिकवतो. काही वर्षांपूर्वी याच प्रश्नावर एका मुलाने उत्तर लिहिले होते, सोळा गुणांचे. भाट्यापासून फार दूर नसलेल्या एका कुणबी वाडीतला मुलगा. पट्टीचा प्रसंग त्याने फार चांगला समजावून दिला होता, त्याला स्वतःच्या प्राथमिक शाळेतली एक आठवण जोडली होती, आणि त्या आठवणीत दोन ठिकाणी 'पाणी'ऐवजी 'पानी' लिहिले होते. मी दोन्ही ठिकाणी लाल शाईने वर्तुळ केले, समासात 'प्रमाणलेखन' असे लिहिले आणि दोन गुण कापले. पेपर परत देताना तो काही बोलला नाही. पुढच्या उत्तरपत्रिकेत सगळे 'ण' बिनचूक होते, आणि स्वतःविषयी एक ओळही नव्हती.